मीटरवरचा लाल दिवा आणि ‘घरापर्यंत जाईल ना?’ : या चुका टाळा

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी माझं गॅरेज आहे. मे महिन्यात आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात फोन उचलला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “दादा, मीटरवर एक लाइट लागलीय, घरापर्यंत जाईल ना?” कुठली लाइट, कुठल्या रंगाची, इंजिन चालू आहे की बंद, काही सांगायच्या आधी हाच प्रश्न. माझंही उत्तर ठरलेलं आहे. गाडी डावीकडे घ्या, बंद करा, मग बोलू. निम्मी माणसं फोनच चालत्या गाडीतून करत असतात.

लाल म्हणजे आत्ता थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. हिरवा किंवा निळा म्हणजे गाडीतलं काहीतरी चालू आहे, एवढंच. लोक करतात नेमकं उलट. पिवळी ‘चेक इंजिन’ लागली की घाबरून भर वळणावर गाडी उभी करतात आणि लाल किटली लागलेली असताना चाळीस किलोमीटर हाणतात.

या किटलीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे आलेल्या सगळ्यात महागड्या गाड्या हिनेच पाठवल्यात. चहाच्या किटलीसारखं चित्र आणि तोटीला लोंबणारा थेंब. बहुतेकांना वाटतं, ऑइल थोडं कमी झालंय, पुढच्या पंपावर टाकू. पण लाल किटली ऑइल किती आहे हे सांगत नाही, ऑइलचा दाब गेलाय हे सांगते. क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा. तो आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्या मध्ये पंपाने ढकललेल्या ऑइलचा पातळ थर असतो, त्यावर क्रँक फिरतो. दाब गेला की तो थर जातो आणि लोखंड लोखंडाला लागतं. मग इंजिनाच्या हातात काही मिनिटंच उरतात.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी एक कुटुंब पुण्याहून कराडमार्गे गुहागरला निघालं होतं. डिझेल गाडी, पाच माणसं, टपावर सामान. पाटणच्या पुढे खड्ड्यात खालून दणका बसला. इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरला चीर गेली होती, पण उतरून कोणी पाहिलं नाही. कोयनानगरजवळ किटली लागली. गृहस्थ थांबले, एवढं श्रेय त्यांना देतो. दुकानातून लिटरभर ऑइल घेऊन ओतलं, दिवा विझला, निघाले. खाली वाकून पाहिलं असतं तर ओतलेलं ऑइल रस्त्यावर उतरताना दिसलं असतं.

पुढे घाट उतरताना दिवा वळणावर लागायचा आणि सरळ रस्त्यावर विझायचा. चेंबरमध्ये उरलेलं ऑइल वळणावर एका बाजूला जात होतं आणि पंप हवा ओढत होता. गाडीतल्या मंडळींनी मात्र निदान केलं, “पावसानं वायरिंग लूज झालं असेल.” खडखड सुरू झाल्यावर मेहुणे म्हणाले, उतारच आहे, खाली गॅरेज असेल. गॅरेज होतं. माझंच होतं. पण त्याच्या तीन वळणं अलीकडे इंजिनाने पकडलं, म्हणजे जाम झालं.

ओढून आणून चेंबर खोललं तर आत पाव लिटरसुद्धा ऑइल नव्हतं. बेअरिंगं तांबडी पडलेली, क्रँकवर नख अडकेल एवढे चरे. कोयनानगरला गाडी बंद केली असती तर चेंबर, ऑइल आणि मजुरी मिळून सहा-सात हजारांत काम झालं असतं. इंजिनाचं काम नव्वद हजारांवर गेलं. टपावरचं सामान माझ्या शेडमध्ये उतरलं आणि मंडळी एसटीने गुहागरला गेली. जाताना मेहुण्यांनी विचारलं, “नुसतं ऑइल भरून नाही का चालणार?”

माझी स्वतःची सवय सांगतो. किटली लागली की तिथेच इंजिन बंद. सपाट जागा, दहा मिनिटं थांबायचं, मग ऑइल मोजायची पट्टी काढून पुसायची, परत घालून ऑइल बघायचं. गाडीखाली जुना पेपर सरकवायचा. माझ्या डिकीत रद्दीची घडी कायम असते, गळती शोधायला याहून स्वस्त काही नाही. पट्टीवर ऑइल बरोबर दिसलं तरी दिवा जात नसेल तर गाडी पुन्हा चालू करत नाही. “सेन्सर गेला असेल” हे दाब मोजून ठरवायचं असतं, गाडीत बसल्या बसल्या नाही.

बाकीच्या दिव्यांचं थोडक्यात. टेंपरेचरचा लाल दिवा लागला की एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलंत की तोंडावर उकळतं. अर्धा-पाऊण तास थांबायला जमत नसेल त्यांनी घाटात जुनी गाडी आणूच नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय, हेड तडकलं की ते आपोआप माझ्याकडे येतात.

बॅटरीचं चित्र लाल असलं तरी जरा सवलत देतं. त्याचा अर्थ चार्जिंग होत नाही, बॅटरी खराबच आहे असं नाही. एसी आणि गाणी बंद करून जवळचं गॅरेज गाठता येतं, मध्ये इंजिन बंद केलंत तर परत चालू होईलच असं नाही. फक्त टेंपरेचरवर डोळा ठेवा. बेल्ट तुटला असेल तर पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, आणि मग सवलत संपली.

‘चेक इंजिन’ स्थिर असेल तर त्या आठवड्यात दाखवा. लुकलुकत असेल तर इंजिन मिस मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतंय. वेग कमी करून थांबा. हल्ली प्रत्येकाकडे ऑनलाइन मागवलेला छोटा स्कॅनर असतो, कोड पुसला की दिवा जातो आणि मंडळी खूश. थर्मामीटर झटकून ताप उतरवण्यातलाच हा प्रकार. कोड वाचा, लिहून ठेवा, मला दाखवा. पुसू नका.

जुनी गाडी घेत असाल तर चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, दिवे मोजा. सगळे लागून मग विझायला हवेत. जो दिवा लागतच नाही, तो कोणीतरी लागू नये म्हणून मेहनत घेतलेली असते.

आता माझं दुसरं दुखणं, चारही इंडिकेटर. आपल्याकडे पाऊस सुरू झाला की पार्किंग लाइट, धुकं दिसलं की पार्किंग लाइट, बोगदा आला की पार्किंग लाइट, आणि हद्द म्हणजे चौकात सरळ जायचंय म्हणूनही पार्किंग लाइट! चारही इंडिकेटर लुकलुकणं याचा अर्थ एकच, ही गाडी उभी आहे. गेल्या जुलैमध्ये संध्याकाळी मी घाट चढत होतो. पाऊस असा की वायपर फास्टवर ठेवूनही बॉनेटपलीकडचं धूसर. पुढे ओळीने चार-पाच गाड्या, सगळ्या लुकलुकणाऱ्या, सगळ्या चालणाऱ्या. डोळ्याला त्याची सवय झाली. एका वळणापलीकडे आणखी एक लुकलुकताना दिसली, मी तीही चालतीच धरली. ती पंक्चर होऊन उभी होती आणि तिचा चालक मागचं चाक सोडवत बसला होता. माझा ब्रेक लागला, मागच्याचाही लागला, म्हणून आज हे लिहितोय. त्या माणसाने काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्याचा इशारा आम्ही सगळ्यांनी मिळून बाद करून टाकला होता.

शिवाय चारही चालू असताना बहुतेक गाड्यांत डावी-उजवीचा इंडिकेटर दिसतच नाही. पावसात हेडलाइट लावा, लो बीमवर. मागचे लाल दिवे त्यानेच लागतात. दिवसाही आपोआप लागणाऱ्या पुढच्या पांढऱ्या पट्टीवर नुसतं विसंबू नका, पुष्कळ गाड्यांत तिच्याबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. धुक्यात हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत दिसते. एवढ्यावरही दिसत नसेल तर रस्ता सोडून सुरक्षित जागी थांबा आणि मग लावा तुमचे चारही.

उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारे अजून भेटतात. आजच्या गाडीत गिअरमध्ये असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळपास बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलला जळत राहतं. म्हणजे बचतही नाही, वर सगळा भार ब्रेकवर. पॅडचा जळका वास आला, पेडल मऊ लागलं, की थांबून चाकं गार होऊ द्या. पाणी मारून नव्हे. ब्रेक ऑइल किती वर्षांपूर्वी बदललं ते आठवत नसेल तर यावर्षी बदला, ते हवेतली ओल ओढतं आणि लवकर उकळायला लागतं.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली. पाणी उतरल्यावर कितीतरी जणांनी “चालू होते का बघू” म्हणून चावी फिरवली. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरात भिजलेल्या गाडीचा विमा मिळतो, पण त्यानंतर स्टार्टर मारून मोडलेल्या इंजिनाचे पैसे देताना कंपनी बहुधा हात वर करते. बॅटरीची वायर काढा आणि टोइंगला फोन करा.

गाडी रस्त्यात उभी करावीच लागली तर माणसांनी आत बसून राहू नये. डाव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे जा. त्रिकोण गाडीला चिकटवून ठेवला तर काही उपयोग नाही. मी मागे शंभर पावलं मोजतो, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला 1033, अपघात असेल तर 112.

त्रिकोण नसला की लोक दगड मांडतात, चाकाखालीही लावतात. ठीक आहे. पण गाडी दुरुस्त झाली की दगड तिथेच टाकून जातात आणि रात्री येणाऱ्या दुचाकीवाल्याला ते दिसत नाहीत. गेल्या पावसाळ्यात मी आणि गॅरेजमधल्या पोराने येता-जाता उचललेले दगड शेडच्या कडेला रचलेत. गटार ओलांडायला आता त्यांचीच पायरी झालीय.