कल्पित प्राणी खरा का वाटत नाही? या चुका टाळा

फॅन्टसी जग रचायला बसलं की हात आधी प्राण्याकडेच जातो. सुळे, पंख, शेपटीवर काटे. चित्र झकास जमतं. मग कुणीतरी विचारतं, "हा खातो काय?" आणि तिथे गाडी अडते.

आधी प्राणी, मग जागा

माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. मी एकदा वाळवंटातला एक शिकारी प्राणी काढला होता. हत्तीएवढा, उष्ण रक्ताचा, दिवसभर भटकणारा. दिसायला जबरदस्त, पण हिशेब मांडला तेव्हा तो उपाशी मरत होता. अन्नसाखळीत खालच्या पायरीवरची ऊर्जा वरच्या पायरीपर्यंत ढोबळमानाने दहा टक्केच पोचते. एका वाघाला वर्षाला हरणाएवढी पन्नासेक जनावरं लागतात आणि ती संपू नयेत म्हणून आसपास पाचशेच्या घरात जनावरं असावी लागतात. गवताची काडी नसलेल्या वाळूत माझ्या धुडासाठी एवढे कळप आणायचे कुठून?

सुळे तसेच ठेवले, रक्त थंड केलं. मगर एकदा पोटभर खाल्ल्यावर कित्येक महिने काढू शकते, कारण अंग गरम ठेवण्यात तिचं अन्न जळत नाही. मग बाकीचं आपोआप बदलत गेलं. भटकायचं कारण उरलं नाही, म्हणून तो वाळूत पुरून पडून राहू लागला. पाय आखूड आणि फावड्यासारखे झाले, डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर सरकल्या. पावसानंतर स्थलांतर करणारे कळप वाळवंट ओलांडतात, तेवढ्यावर त्याचं वर्ष निघतं. रात्री तो गारठून सुस्त पडेल असं आधी वाटलं होतं, पण एवढं मोठं शरीर एका रात्रीत थंड होत नाही. त्यासाठी सलग थंडी हवी. म्हणून माझ्या कथेतले तांडे ऐन हिवाळ्यातच तो पट्टा पार करतात. माणसांचा हा रिवाज मी वेगळा सुचवला नव्हता, तो त्या प्राण्याच्या रक्तातून आला.

नुसतं मोठं करणं

कोळी घेतला, घोड्याएवढा केला, झाला राक्षस! असं होत नाही. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण पायाचा छेद चौपटच वाढतो. मोठ्या जनावराची हाडं प्रमाणापेक्षा जाड का लागतात, हे गॅलिलिओने १६३८ सालीच मांडलं होतं. काडीसारख्या पायांवर ते धड उभंच राहणार नाही. कीटकांच्या श्वासाचीही अडचण आहे. त्यांच्या शरीरात हवा बारीक नळ्यांमधून फिरते आणि आकार वाढला की ती आतपर्यंत पुरत नाही. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा जास्त असताना, चतुरासारखे दिसणारे मोठाले कीटक उडत होते, पण त्यांचाही पंखविस्तार पाऊण मीटरच्या आतच होता.

अवाढव्य आकार सोडवत नसेल तर पाय जाड करा, फुप्फुसं द्या, नाहीतर त्याला सरळ पाण्यात सोडा. पाणी वजन तोलून धरतं, म्हणून तर निळा देवमासा तीस मीटरच्या आसपास वाढू शकतो.

तुकडे जोडणं

खऱ्या प्राण्यांचे अवयव घेऊन कल्पित प्राणी बनवा, हा सल्ला लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना दिला होता आणि तो चांगलाच आहे. फक्त सगळे तुकडे एकाच हवामानाचे हवेत. वाळवंटी फेनेक कोल्ह्याचे कान केवढाले असतात, कारण त्यातून उष्णता बाहेर पडते. ध्रुवीय कोल्ह्याचे कान इवलेसे असतात, कारण त्याला ती टिकवायची असते. बर्फातल्या प्राण्याला सुपाएवढे कान दिलेत तर चाणाक्ष वाचकाला ते लगेच खटकेल.

आग ओकणाऱ्यांचंही तसंच. आग येते कुठून, ते ठरवा. बॉम्बार्डियर भुंगेरा दोन रसायनं शरीरातल्या एका पिशवीत साठवतो आणि शत्रू आला की ती दुसऱ्या कप्प्यात ढकलतो. तिथल्या विकरांमुळे (रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या द्रव्यांमुळे) ती उसळतात आणि जवळपास १०० अंश सेल्सिअसची फवारणी होते. असा एखादा साठा आणि तो रिकामा झाल्यावर येणारी लाचारी, या दोन्हींमुळे प्रसंगात जीव येतो.

जगात एकुलता एक

पिल्लं नाहीत, आजार नाही, मेल्यावर खायला कुणी नाही. असा प्राणी पुतळ्यासारखा वाटतो. निदान त्याची वीण तरी ठरवा. माझ्या वाळवंटी प्राण्याला मी मगरीचीच रीत दिली: अंडी वाळूत आणि पिल्लू नर की मादी ते वाळूच्या उष्णतेवर. लागोपाठ कडक उन्हाळे आले की सगळ्या माद्याच निपजतात आणि पुढे घरटी ओस पडत जातात. तांड्यातली म्हातारी माणसं वाळूत हात खुपसून ऊब बघतात आणि त्यावरून पुढच्या पिढीत ही वाट किती धोक्याची असेल ते सांगतात.