आई-बाबांना फ्लूची लस द्यायचीय, सोबत गोळ्या द्यायच्या का?

आमच्या इंदूरात राजवाड्याजवळच्या मेडिकलवर गेलं की काउंटरवरच इम्युनिटीच्या डब्या मांडलेल्या असतात, आणि बाबांना लस द्यायची म्हटलं की शेजारचे काका पण म्हणणार, झिंक दे रे, व्हिटॅमिन सी दे. थांबा जरा.

वय ६५ च्या पुढे गेलं की लसीनंतर अँटीबॉडी कमी बनतात हे खरंय, पण गोळ्यांनी ते हमखास सुधारतं असं नाही. १९९७ च्या एका अमेरिकन ट्रायलमधे रोज २०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत हिपॅटायटिस बी च्या लसीचा रिस्पॉन्स वाढला होता, म्हणून फ्लूच्या लसीलाही तसंच होईल असं धरून चालू नका, आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय व्हिटॅमिन ई नकोच. झिंक दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर नको, फार दिवस जास्त घेतलं तर अंगातलं तांबं कमी होतं.

मग करायचं काय? आधी डॉक्टरला सांगून बी१२ आणि डी तपासून घ्या, कमी निघालं तर ते भरून काढा, लस असो नसो. आणि ताटाकडे बघा. सकाळी पोहे-जिलबी, रात्री नुसता वरणभात असं चालत असेल (आमच्याकडे हेच!) तर डाळ, दही, अंडं, पेरू, पालेभाजी वाढवा. ब्रिटनमधल्या एका ट्रायलमधे रोज फळं-भाज्यांचे पाच भाग (पोर्शन) खाणाऱ्या ज्येष्ठांत न्यूमोनियाच्या लसीला जास्त अँटीबॉडी बनल्या होत्या.

गोळ्यांपायी लस मात्र लांबवू नका, असर यायलाच दोनेक आठवडे लागतात.