स्थानिक मंडळीच्या उपासनेला नियमित कसे जावे

बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातील चोविसावे आणि पंचविसावे वचन सोबत वाचावे. एकत्र मिळणे सोडू नका, असे तेथे सांगितले आहे आणि त्याला लागूनच प्रीती व सत्कर्मे यांसाठी एकमेकांना उत्तेजन देण्याची आज्ञा आहे. काहींनी न येण्याची सवयच लावून घेतली होती, हेही लेखकाने त्याच ठिकाणी नोंदवले आहे. म्हणजे ही अडचण पहिल्या शतकापासूनची आहे. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपासनेला जाणारा केवळ स्वतःसाठी जात नाही. शेजारी बसणाऱ्याचा विश्वासही त्याच्या येण्यावर थोडाफार टेकलेला असतो, आणि हे मनात पक्के झाले की रविवारी सकाळी ‘आज जावेसे वाटते का’ हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे काम अहमदनगरला 1831 मध्ये सुरू झाले. त्या काळापासून उभ्या राहिलेल्या गावोगावच्या मंडळ्यांतील असंख्य कुटुंबे आज नोकरीसाठी पुणे, पिंपरी-चिंचवड, नवी मुंबई येथे राहतात. नाव गावच्या मंडळीच्या यादीत, मुक्काम शहरातील सदनिकेत आणि रविवार मोबाइलवरच्या प्रवचनावर, अशी त्यांपैकी कित्येकांची स्थिती आहे. अशांनी पहिले काम हे करावे की घराजवळची एक मंडळी निश्चित करावी. तेथे वचन पवित्र शास्त्राला धरून सांगितले जाते का, प्रभुभोजन, म्हणजे भाकर व द्राक्षारसाचा विधी, नेमाने होते का, दानाचा हिशेब सभासदांसमोर मांडला जातो का, एवढे पाहावे. आणि भर पावसात, गाडी नसतानाही तेथे पोहोचता येईल का, हेही तितक्याच गंभीरपणे पाहावे. दोन तासांच्या अंतरावरील नामांकित वक्त्यापेक्षा वीस मिनिटांच्या अंतरावरील साधा पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, बरा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रात्री-अपरात्री दवाखान्यात प्रार्थनेला तोच येऊ शकतो. मंडळी ठरली की गावच्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचे पत्र आणून नव्या मंडळीत द्यावे. हे पत्र दिल्याशिवाय माणूस वर्षानुवर्षे पाहुणाच राहतो, आणि पाहुणा आला नाही तर कोणी चौकशी करत नाही.

नियमितपणा खरे तर शनिवारी संध्याकाळीच ठरतो. रात्रीचे जागरण टाळावे, मुलांचे कपडे काढून ठेवावेत, दानाची रक्कम पाकिटात घालून ठेवावी आणि रविवारी सकाळच्या वेळेत दुसरे काही ठरवू नये. नातेवाइकांनाही ही वेळ सांगून ठेवावी. एकदोनदा सांगितले की ते स्वतःच दुपारनंतर येतात. मंडळीत दहा मिनिटे आधी पोहोचावे आणि शक्यतो पुढे बसावे.

मुलांना सोबत घेऊन बसण्याविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धार्मिक वर्ग, चांगलीच, पण तिच्यामुळे मुख्य उपासना मुलांच्या वाट्याला आलीच नाही असे होऊ नये. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांची गीते आजही मराठी मंडळ्यांत गाइली जातात, आणि ती मुलांना मुख्यतः ऐकूनच येतात. पुस्तक मांडीवर मिटलेले, चष्मा हातात, तरी शेवटच्या कडव्यापर्यंत एकही शब्द न चुकवणारी आजी शेजारी उभी असली की सहा वर्षांचे मूल तिच्या ओठांकडे पाहत पाहत ते गीत उचलते. घरी ध्वनिमुद्रण लावून हे साधत नाही. मूल चुळबुळ करील, मध्येच पाणी मागेल. ते मंडळीने सहन करावे आणि आईवडिलांनी त्यामुळे घरी बसू नये.

उपासना संपल्याबरोबर निघून जाऊ नये. आजाऱ्यांची आणि शोकग्रस्तांची नावे सूचनांत वाचली जातात, ती ध्यानात ठेवावीत आणि बाहेर व्हरांड्यात त्या घरच्या माणसाला गाठून विचारपूस करावी. आरंभीच्या काळातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरने सुमारे इ. स. 155 मध्ये रोममध्ये लिहिताना रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे: शास्त्राचे वाचन, बोध, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवकांनी त्यातला वाटा पोहोचवणे, तसेच जमलेल्या दानातून अनाथ, विधवा व आजारी यांना मदत करणे. न आलेला कोण, हे त्या सभेला ठाऊक होते. मोबाइलवर उपासना पाहणाऱ्याची अशी नोंद कोणीच घेत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती सोय मोलाची आहे; धडधाकट माणसाने मात्र तिच्यावर विसंबू नये.

सतरंज्या घालणे, गीतपुस्तके वाटणे, हंगामाच्या आभारउपासनेनंतर ज्वारी, भोपळे, कोंबड्या यांचा लिलाव होतो त्याची वही सांभाळणे, असे एखादे लहान काम मागून घ्यावे. ज्याच्यावाचून काम अडते तो सहसा चुकत नाही.

परिचारिका, पोलीस, कारखान्यातील कामगार यांना दर रविवारी सुट्टी मिळत नाही. कॅथलिकांसाठी शनिवारी संध्याकाळची मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, रविवारची धरली जाते. इतरांनी रविवारी कामाची पाळी लागताच पाळकांना तसे कळवावे आणि आठवड्यातील गृहप्रार्थनेला जावे.

मंडळीत मन दुखावले तर मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायातील क्रम धरावा: आधी त्या व्यक्तीशी एकांतात बोलावे, मग एकदोघांना सोबत घ्यावे, त्यानंतर मंडळीपुढे जावे. घरी बसून राहणे हा त्या क्रमातला टप्पा नाही. मात्र कोणाचा छळ किंवा पैशांचा अपहार झाकला जात असेल, तर गप्प राहू नये. वरिष्ठ समितीकडे, गरज पडल्यास पोलिसांकडे जावे. अशा वेळी दुसरी मंडळी धरण्यात पाप नाही.

दीर्घ खंड पडला असेल तर खुलासे तयार करत बसू नये. येत्या रविवारी जावे, आधी फोन करून पाळकांना कळवावे आणि प्रभुभोजनात सहभागी होण्याविषयी काही शंका असल्यास ती त्यांनाच विचारावी. पहिल्या दिवशी कोणी काही बोलले, तरी पुढच्या रविवारी पुन्हा जावे.