पदवीचा संशोधन प्रकल्प: प्रश्नावलीच्या आधी कोरे तक्ते

'आवडीचा विषय घ्या' हा सल्ला विसरा. आवड असतेच, नसतो तो प्रश्न. 'सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम' हा विषय पदवीच्या वर्षात कुणाच्याच हातून पुरा होणार नाही. 'घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं ग्रंथालय कमी वापरतात का?' हा प्रश्न आहे. उत्तर 'हो' येऊ शकतं, 'नाही'ही येऊ शकतं, आणि माणसं तुमच्याच कॉलेजात आहेत.

पाच-सहा चांगले लेख वाचा. कुणी काय मोजलं आणि कसं मोजलं, एवढं टिपून ठेवा.

आता प्रश्नावली. बहुतेक प्रकल्प इथेच झोपतात, आणि मलाही सर्वांत जास्त हिनेच झगडवलं आहे. रीत अशी पडली आहे की गूगल फॉर्म उघडायचा, सुचतील ते तीस प्रश्न टाकायचे, लिंक ग्रुपवर सोडायची आणि उत्तरं आली की 'आता याचं काय करू?' म्हणत मार्गदर्शकांकडे धावायचं. तोवर वेळ गेलेली असते.

उलटीकडून चला. निष्कर्षांच्या प्रकरणात येणारे तक्ते आधी कागदावर आखा, कोरेच. वरच्या प्रश्नाला मुख्य तक्ता एकच लागतो: आडव्या ओळींत पालकांचं शिक्षण, उभ्या रकान्यांत ग्रंथालयाच्या फेऱ्या. लिंग, शाखा, घरापासूनचं अंतरही विचारायचंय? मग त्याचा तक्ता आखून दाखवा. ज्या प्रश्नाला कुठल्याच तक्त्यात जागा नाही, तो कापा. 'असू दे, उपयोगी पडेल' म्हणून ठेवलेला प्रश्न उपयोगी पडलेला मी पाहिलेला नाही.

मग शब्द. 'पालक सुशिक्षित आहेत का?' असं मोघम नको. आई कितवीपर्यंत शिकली, वडील कितवीपर्यंत, हे वेगवेगळं विचारा. 'नियमित वाचन करता का?' याला बहुतेक जण 'हो' म्हणतात, कारण 'नाही' म्हणायला लाज वाटते. 'गेल्या सात दिवसांत ग्रंथालयात किती वेळा गेलात?' म्हटलं की आकडा मिळतो (परीक्षेच्या तोंडावर मात्र विचारू नका). हा कीस वाटत असेल, तर जनमताचे अभ्यासक डोनाल्ड रग यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. अमेरिकेत लोकशाहीविरोधी भाषणांना 'परवानगी द्यावी का?' असं काहींना विचारलं, 'बंदी घालावी का?' असं इतरांना. परवानगी नाकारणारे बरेच जास्त निघाले, बंदी मागणारे त्या मानाने कमी.

यानंतर चार-पाच जणांना समोर बसवून प्रश्नावली भरून घ्या. जवळचे मित्र नकोत, त्यांना तुम्हाला काय हवंय ते आधीच माहीत असतं. उत्तर काय, यापेक्षा ते कसं काढलं हे विचारा. ग्रंथालयाच्या याच प्रश्नावर एका मुलीने 'सहा' लिहिलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं, घरी जागा नाही म्हणून ती रोज अभ्यासिकेत बसते. पुस्तक वर्षभरात एकही घेतलेलं नाही. तिच्या लेखी तेच ग्रंथालय, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. एका प्रश्नाचे दोन करावे लागले: अभ्यासिकेत किती वेळा बसलात, आणि पुस्तकं किती घेतलीत. ते केले नसते तर तक्ता सुबक दिसला असता आणि साफ खोटं बोलला असता.

'नमुना मोठा घ्या', म्हणजे जास्तीत जास्त लोकांना विचारा, हाही अर्धवट सल्ला. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक उत्तरं आली होती. त्यांनी रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. आकडा मोठा होता, पण उत्तरं देणारे सगळ्या मतदारांसारखे नव्हते. लिंक ग्रुपवर टाकून हौशी लोकच सापडतात. त्यापेक्षा हजेरीपटातून दर दहावं नाव घ्या, आणि तीच माणसं गाठा. भेटला नाही म्हणून शेजारच्याला फॉर्म देऊ नका.

लेखी संमती घ्या, फॉर्मवर नाव नको.

विश्लेषणाला एक्सेलचं पिव्होट टेबल (उत्तरं मोजून तक्ता बनवणारी सोय) पुरतं. टक्केवारी ओळीनुसार काढा. काय-वर्ग चाचणी (तक्त्यातला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी) लावणार असाल आणि अपेक्षित वारंवारता, म्हणजे काहीच संबंध नसता तर त्या चौकटीत आला असता तो आकडा, ५ च्या खाली जात असेल, तर रकाने एकत्र करा.

अहवालात 'आजचा विद्यार्थी' असं कुठे आलं असेल, तर ते खोडून 'आमच्या कॉलेजातील दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी' असं लिहा.