जुन्या कारखान्याच्या जागेवर बांधकाम करताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग आणि आसपासच्या भागांत एकेकाळी गावाबाहेर समजल्या जाणाऱ्या फौंड्री, मशीन शॉप आणि प्लेटिंगच्या (धातूला मुलामा देण्याच्या) शेड आज घरांच्या गराड्यात सापडल्या आहेत. मालकाची पुढची पिढी त्या धंद्यात नसते आणि जागेला भाव आलेला असतो, त्यामुळे वीस-तीस गुंठ्यांचा असा प्लॉट बिल्डरकडे जातो. व्यवहार झाल्यावर पहिला फोन बहुधा जेसीबीवाल्याला केला जातो. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या घाईत असते, कारण एका कोपऱ्यातील दूषित माती एकदा का साऱ्या प्लॉटवर पसरली, की जे काम चार टिपरमध्ये संपले असते ते चाळीस टिपरचे होते.

कारखान्याची जमीन सर्वत्र सारखी खराब नसते. भट्टीजवळ राख आणि धातूचा मळ, लेथच्या रांगेखाली कूलंट व तेल, भूमिगत टाकीभोवती फर्नेस ऑइल आणि प्लेटिंगच्या हौदाखाली क्रोमियम, निकेल व सायनाइड, असा ज्या त्या कामाचा माल ज्या त्या जागी मुरलेला असतो. म्हणून शेड पाडण्यापूर्वी तिथल्या एखाद्या जुन्या कामगाराला सोबत घेऊन फिरावे. मी पाहिलेल्या एका शेडमध्ये नकाशावर ‘स्टोअर’ लिहिलेल्या खोलीत शिरताच तिथल्या निवृत्त फिटरने पायाने फरशी दाखवून सांगितले, ‘इथं आधी डिपची टाकी होती,’ म्हणजे माल बुडवायचा प्लेटिंगचा हौद. फरशी उचलली तेव्हा विटांच्या सांध्यांत हिरवट-पिवळी रेघ दिसली आणि मातीला ओल नसतानाही ती त्याच रंगाची होती. कागदपत्रे पाहायला हवीतच, पण आपल्याकडे जमिनीचे कागद कन्नडमध्ये, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रे इंग्रजीत आणि मालाच्या आवक-जावकीची वही मराठीत असते. तिन्ही एकत्र वाचणारा माणूस नेमला नाही तर हौद कोणत्या खोलीत होता हे कुणालाच कळत नाही.

नमुने घेण्याच्या पद्धतीतच पुढची चूक दडलेली असते. खर्च वाचावा म्हणून दहा ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तर नऊ जागांची चांगली माती दहावीचा दोष झाकून टाकते आणि अहवाल निर्धास्त येतो. सॉल्व्हंटचा (तेल-ग्रीस विरघळवणाऱ्या द्रवाचा) संशय असेल तर प्लास्टिकच्या पिशवीतून नेलेल्या मातीतून तो वाटेतच उडून जातो. अशा नमुन्यासाठी घट्ट झाकणाची काचेची बाटली लागते. पाण्यातील धातू तपासताना बाटलीत नायट्रिक आम्ल टाकतात, मात्र सहा-संयुजी क्रोमियमसाठी (क्रोमियमच्या अधिक विषारी रूपासाठी) आम्ल न टाकता बाटली बर्फात ठेवून शक्यतो चोवीस तासांत तपासणी करून घ्यावी लागते. बेळगावहून नमुना दूरच्या शहरात कुरियरने जाणार असेल, तर हे गणित आधी मांडलेले बरे.

अहवाल हातात आल्यावर तो चुकीचा वाचला जातो, आणि ही चूक शिकलेली माणसेही करतात. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत मातीतून पाझरणाऱ्या शिशाची मर्यादा दर लिटरला 5 मिलिग्रॅम आहे, तर भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे दर लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. दोहोंत पाचशे पटींचे अंतर आहे. पहिली चाचणी ‘पास’ झाली याचा अर्थ एवढाच, की शिशाच्या त्या निकषावर ती माती कायद्याच्या भाषेत घातक कचरा ठरत नाही. तिच्यावर मुलांचे खेळाचे मैदान करावे की नाही हा प्रश्न त्या चाचणीला विचारलेलाच नसतो.

हौद धुण्याचे काम रोजंदारीवर द्यायचे नाही, असे मी स्पष्ट सांगेन. जुन्या प्लेटिंगच्या हौदात सायनाइडचा अंश असताना डाग काढण्यासाठी ॲसिड ओतले, तर हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू निर्माण होतो. आधी पाणी पुरेसे अल्कधर्मी करून मगच ब्लीचिंगसारख्या द्रव्याने सायनाइड मोडावे लागते आणि ते जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. क्रोमियमचे उलट आहे: तिथे हिराकस वापरून सहा-संयुजी क्रोमियमचे रूपांतर तुलनेने निरुपद्रवी त्रि-संयुजी रूपात करतात. त्याच मातीत ब्लीचिंगसारखे ऑक्सिडीकारक गेले तर केलेले काम उलटू शकते. आपल्या भागातील जांभ्या मातीत मँगनीजची ऑक्साइडे असू शकतात आणि तीही हेच करतात, म्हणून उपचारानंतर काही महिन्यांनी पुन्हा नमुना घेतल्याशिवाय जागा शुद्ध झाल्याचे लिहून देऊ नये.

उपसलेली माती कुठे जाते, हे पाहण्याचे कुणाच्या मनात येत नाही. फौंड्रीची काळी वाळू खळगे भरायला घेऊन जाणारे नेहमीच भेटतात, पण प्लेटिंगचा गाळ किंवा तेलकट माती तशी देता येत नाही. ती अधिकृत विल्हेवाट केंद्रातच, चलनासह आणि परवानाधारक वाहनातून पाठवावी लागते. राज्यातील असे एक केंद्र बेंगळुरूजवळ दाबसपेट येथे आहे, म्हणजे सुमारे साडेचारशे किलोमीटरचे भाडे अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावे लागते. ते धरलेले नसले की रात्री टिपर शिवाराकडे वळतो. खोदकामात लागलेले पाणी पंपाने गटारात सोडणे हाही तोच प्रकार असून, ते पाणी बळ्ळारी नाल्याला मिळाले तर वडगाव-शहापूरच्या भातशेतीपर्यंत पोहोचते.

व्यवहाराच्या करारात साफसफाईचा खर्च कोणाकडे हे लिहिलेले नसणे हे जुने दुखणे आहे. केंद्राने 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले आणि त्यात प्रदूषणास जबाबदार असणाऱ्यावर खर्चाची जबाबदारी टाकली. तरीही पूर्वीचा कारखानदार सापडेपर्यंत फ्लॅटधारक दारात उभे असतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे विषारी रसायन) आहे का, हेही त्याच करारात विचारून घ्यावे, कारण 2016 च्या आदेशाने पीसीबीच्या वापराची मुदत 31 डिसेंबर 2025 ठेवली होती.

काम झाल्यावर काही खुणा दिसल्या तर त्या अंगावर काढू नयेत. नव्या गिलाव्यावर पिवळट-हिरवट फुलोरा येत असेल तर रंगारी ‘ओल आली’ म्हणून पुन्हा पुट्टी भरतो. अशा वेळी तो फुलोरा खरवडून क्रोमेटसाठी (सहा-संयुजी क्रोमियमच्या क्षारासाठी) तपासावा. बेसमेंटमध्ये गोडसर, डोके जड करणारा वास येत असेल तर तिथे झोपणे-बसणे थांबवून हवा खेळती ठेवावी आणि जमिनीतून सॉल्व्हंटची वाफ येते का ते पाहावे.

सर्वांत आश्चर्याची चूक पावसाच्या पाण्याची आहे. छतावरचे पाणी मुरवण्यासाठी शोषखड्डा हवा असतो आणि तो खणायला मऊ माती कुठे सापडते, तर नेमकी जुन्या हौदाच्या जागी. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर तोच खड्डा मातीतला क्रोमियम धुऊन विहिरीत नेतो. म्हणून शोषखड्डा तपासून स्वच्छ ठरलेल्या कोपऱ्यातच असावा, प्लॉटवरची जुनी विहीर किंवा बोअर बुजवून टाकू नये आणि मार्चमध्ये व ऑगस्टमध्ये असे निदान दोन वर्षे तिच्या पाण्याचे नमुने तपासून घ्यावेत.