जुन्या जीपला ५.३८ ठेवायचा की ४.८८ बसवायचा?

सी.जे. ३-बी जीपच्या मागच्या हाउसिंगमध्ये (मागच्या आसाच्या पेटीत) मुळात ५.३८चा क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी दातेरी चक्रांची जोडी, येतो. क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८; म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे ५.३८ फेरे, हाच रेशो. ओढकामाला हा रेशो झकास, पण धुळे-जळगाव महामार्गावर ताशी ८० धरली की इंजिन रडायला लागतं. मग ४.८८ची, म्हणजे ३९ आणि ८ दातांची, शोधाशोध सुरू होते.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा; इतक्या वर्षांत कोणी काय बसवलं असेल याचा भरवसा नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. या जीपचा हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवरच (गिअरबॉक्सकडून मागच्या हाउसिंगला जाणाऱ्या दांड्यावर) असतो, त्यामुळे तो सोडावाच लागतो. गिअर न्यूट्रल, फोर-व्हील काढलेलं. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेलं चाक २० वेळा फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. एकच चाक फिरताना क्राऊन त्याच्या निम्मे, म्हणजे दहाच फेरे घेतो; म्हणून पावणेएकोणपन्नास भरले तर ४.८८, पावणेचौपन्न भरले तर ५.३८.

आता टायर. ड्रायव्हर बसवून गाडी चाकाचे तीन फेरे ढकला, अंतराला तीनने भागा. ६.००-१६ टायरला साधारण २.२ मीटर येतात. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, चाकाचे ६०६ फेरे. टॉप गिअर सरळ असल्यामुळे (इंजिनाचा एक फेरा म्हणजे शाफ्टचाही एक) ५.३८ला इंजिन ३२६० फेरे घेतं, ४.८८ला २९६०. फरक तीनशेचा, पण कानाला लगेच कळतो.

किंमत म्हणून ओढ नऊ टक्क्यांनी घटते. सपाटीवर जाणवत नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना मात्र जाणवते, कारण गिअर तीनच आणि टॉप व दुसऱ्यातलं अंतर मोठं. ५.३८ला जो चढ टॉपमध्ये निघतो तिथे ४.८८ला दुसरा टाकावा लागतो. तो न टाकता मे महिन्याच्या उन्हात टॉपमध्येच रेटलं तर पाणी उकळतं. ट्रॉली ओढत असाल तर ५.३८ला हात लावू नका. ३.७३च्या नादी तर लागूच नका, त्यात तीस टक्के ओढ जाते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त मागचा बदलणं. पुढचा-मागचा रेशो सारखाच हवा, नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) अडकून फुटते.

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्या. एकाचा क्राऊन, दुसऱ्याचा पिनियन केला की आवाज येणारच. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.१५ ते ०.२० मिलिमीटर ठेवा. दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवा आणि ठसा बघा. ठसा दाताच्या मध्यावर हवा. मुळाशी उमटला तर पिनियन जास्त आत गेलाय, टोकाशी उमटला तर बाहेर राहिलाय. शिम (पिनियनखालच्या पातळ चकत्या) त्याप्रमाणे बदला. (शेंदूर म्हणजे शिसं, जेवणाआधी हात धुवा.)

पहिल्या दिवशी २५-३० किलोमीटर चालवून हाउसिंग पूर्ण गार होऊ द्या. ५०० किलोमीटरला तेल बदला. आणि स्पीडोमीटरचं विसरू नका: ४.८८ बसल्यावर तो कमी दाखवतो. काटा ७२-७३वर असेल तेव्हा गाडी ८०ने पळत असते.