ऑर्डर फॉर्ममध्ये सशर्त फील्ड कशी बसवावीत

ग्राहक व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डर फॉर्म तयार करताना प्रत्येक प्रश्न प्रत्येक ग्राहकाला विचारण्याची गरज नसते. ‘खरेदी कोणासाठी?’ या प्रश्नाला ‘कंपनीसाठी’ असे उत्तर मिळाले, तरच कंपनीचे नाव आणि कर नोंदणी क्रमांक ही फील्ड (माहिती भरायचे रकाने) दिसावीत, अशी व्यवस्था करता येते. अशा, अटीनुसार दिसणाऱ्या फील्डना सशर्त फील्ड म्हणतात. सेटिंगला हात लावण्यापूर्वी कोणता प्रश्न कोणत्या उत्तरावर अवलंबून आहे, हे कागदावर उतरवून घ्यावे.

ज्याच्या उत्तरावर अट बांधायची, ते नियंत्रक फील्ड शक्यतो ड्रॉपडाउन (उघडणारी यादी) किंवा रेडिओ बटण (एकच पर्याय निवडण्याचे गोल बटण) असावे, म्हणजे उत्तर ठरलेल्या पर्यायांतूनच येते. मोकळ्या मजकुरावर अट बांधल्यास एखादी जास्तीची स्पेसही ती निकामी करू शकते. काही सॉफ्टवेअरची स्वतःची बंधने असतात. उदाहरणार्थ, सेल्सफोर्स या ग्राहक व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये चेकबॉक्स (टिक करायचा चौकोन) नियंत्रक होऊ शकतो, पण अवलंबी, म्हणजे दुसऱ्या फील्डच्या उत्तरावर अवलंबून असणारा, होऊ शकत नाही. एकाहून अधिक अटी असतील, तर ‘सर्व अटी पूर्ण’ हवे की ‘कोणतीही एक पूर्ण’, हे नीट पाहून निवडावे.

फील्ड केव्हा दिसावे हे ठरवणे सोपे असते. ते लपल्यावर काय व्हावे, हा प्रश्न मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कर क्रमांकाचे फील्ड कायमचे ‘अनिवार्य’ ठेवून नुसते लपवले, तर वैयक्तिक खरेदी करणाऱ्या ग्राहकाचा फॉर्म पुढे सरकत नाही आणि चूक दाखवणारा संदेशही दिसेलच असे नाही, कारण ब्राउझरला तो दाखवायला जागाच सापडत नाही. म्हणून अनिवार्यतेलाही तीच अट लावावी. लपलेल्या फील्डमधील मजकुराचेही तसेच आहे: फील्ड केवळ दिसेनासे केले, तरी त्यात आधी भरलेली माहिती फॉर्मबरोबर सर्व्हरकडे जाते. ‘लपल्यावर मूल्य पुसा’ अशा अर्थाची सोय असल्यास ती सुरू करावी, विशेषतः त्या मूल्यावर किंमत किंवा कर ठरत असेल तेव्हा. शिवाय, ब्राउझरमधील अट ही सोयीपुरती असते. ऑर्डर स्वीकारताना सर्व्हरनेही तीच तपासणी केली पाहिजे, नाहीतर आयात केलेल्या किंवा एपीआयमार्गे (दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून थेट) आलेल्या नोंदी ती अट सहज चुकवतात.

पर्यायाचे नाव पुढे बदलायचे झाल्यास अट दिसणाऱ्या नावाशी जुळवली आहे की आत साठवलेल्या मूल्याशी, हे आधी तपासावे. नावाशी जुळवलेली अट नाव बदलताच कोणतीही सूचना न देता बंद पडते.

चाचणी करताना सरळ मार्गाने फॉर्म भरून थांबू नये. ‘कंपनीसाठी’ निवडून कर क्रमांक भरावा, मग मत बदलल्याप्रमाणे ‘स्वतःसाठी’ निवडावे, ऑर्डर पाठवावी आणि ग्राहकाच्या नोंदीत कर क्रमांक उरला आहे का, ते उघडून पाहावे.